पांढरी चार

बुवा गाव सोडून लेकीकडे राहायला गेले त्याला आता वर्ष होईल, तरी सकाळी सहाच्या सुमारास मी अजून दचकून उठतो आणि मोबाईलकडे बघतो. अकरा वर्षं या माणसानं मला रोज सकाळी सहाला फोन केला. फोन उचलला की हॅलो नाही, 'मास्तर, उठलात का' नाही. पलीकडून एकदम 'सा' यायचा. तो आठ-दहा सेकंद चालायचा आणि मग प्रश्न यायचा, "बरोबर हाय का?" मी अंथरुणात पडल्या पडल्या "हो बुवा" म्हणायचो. की फोन बंद. सुरुवातीला माझी बायको घाबरून उठून बसायची. तिला वाटायचं, कुणीतरी गेलं. पुढं तीही सरावली आणि झोपेतच "बरोबर आहे म्हणावं" असं पुटपुटून कूस बदलायला लागली.

मी देवळाली प्रवऱ्यात शाळामास्तर. पेटी बरी वाजवतो, एवढाच माझा गुन्हा. बुवा साखर कारखान्यात टाईमकीपर होते आणि निवृत्त झाल्यावर पूर्णवेळ गायक झाले. पण त्याच्या आधीपासून ते पूर्णवेळ नातू होते. त्यांचे आजोबा जामखेडकडचे. यात्रा-जत्रांतून उघड्या मैदानात गवळणी आणि पदं गायचे, आणि त्यांचा आवाज दोन शिवारं ओलांडून जायचा असं आमच्या जिल्ह्यातली जुनी माणसं अजून सांगतात. त्यांचे मुलगे गायले, पुतणे गायले, नातू गातात. घराण्याचं नाव मी इथं लिहीत नाही. बुवांनी ते आयुष्यभर इतक्या वेळा उच्चारलं की माझ्या वाट्याचंही त्यांनीच संपवलं.

स्टेजवर बसले की ते आधी म्हणायचे, "मी कोन हाय, ते काय मी सांगनार न्हाई." आणि मग पंधरा मिनिटं तेच सांगायचे. आजोबांचा फोटो काचेच्या चौकटीत, चौकट टॉवेलात गुंडाळलेली, आणि तो टॉवेल प्रवासभर माझ्या मांडीवर. एसटीत, टेम्पोत, एकदा तर मोटारसायकलवर. माझी पेटी डिकीत आपटत चालली तरी चालेल, फोटोला धक्का लागता कामा नये. कार्यक्रमाच्या दिवशी दही बंद, पेरू बंद, चिंच बंद. त्यांना बंद असतं तर मी काय म्हणालो असतो! पण ते मलाही बंद. का, तर माझ्या तोंडाचा आंबट वास त्यांच्या घशात जातो. मे महिन्यात गळ्याला मफलर, आणि खिडकी मी उघडली की ती लावायची.

कारखान्यातला त्यांचा एक किस्सा तिथं अजून सांगतात. पाळी बदलताना जो भोंगा वाजायचा, तो बेसूर आहे असा त्यांनी साहेबांकडं लेखी अर्ज दिला होता. 'सदर भोंगा कोणत्याच पट्टीत धड बसत नसून कामगारांच्या कानावर वाईट संस्कार होत आहेत, तरी तो पांढरी चारमध्ये मिळवून घ्यावा.' साहेबांनी अर्जावर 'पाहिले' एवढंच लिहून परत पाठवला. बुवांनी तो अर्ज जपून ठेवला होता आणि साहेबांनी आपलं म्हणणं मान्य केल्याचा पुरावा म्हणून दाखवायचे.

तर ही पांढरी चार. पेटीवरची चौथी पांढरी पट्टी. गायक जिथं आपला 'सा' धरतो ती त्याची पट्टी, आणि पुरुषाच्या गळ्याला ही चांगलीच उंच. आजोबा पांढरी चारमध्ये गायचे, म्हणून सगळं घराणं पांढरी चारमध्ये गातं. कुणाला झेपतं की नाही, हा प्रश्न त्या घरात विचारला जात नाही. बुवा म्हणायचे, "मास्तर, आमच्या आजोबांचं वाक्यच हाय. पांढरी चारच्या खाली या घरात फकस्त रडत्यात."

आणि देवाची करणी अशी, की बुवांना गळा मिळाला होता तो खालचा. जाड, गोड, मऊ. नुसते चहा मागायला लागले तरी ऐकत राहावंसं वाटायचं. हाच माणूस गायला बसला की मानेच्या शिरा तटतटायच्या, डोळे बाहेर यायचे, आणि पुढच्या रांगेतली माणसं नकळत स्वतःचाच गळा चाचपायची. मी पेटीवर बसून मनात म्हणायचो, बुवा, उतरा, तीन पायऱ्या उतरा, तिथं तुमचं घर आहे. एकदा तोंडानं म्हणालो. बुवा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. सकाळचा 'सा' मात्र चालू होता, पलीकडून सूर, आणि "बरोबर हाय का?" ऐवजी नुसता एक खाकरा.

राजूरचा प्रसंग मी मरेपर्यंत विसरणार नाही. डोंगरातलं गाव, आठवडे बाजाराचा दिवस, आसपासच्या पाड्यांवरून माणूस लोटलेला. मंडळाच्या पोरांनी चांगला माईक लावला होता. बुवांनी तो काढायला लावला. "आजोबांनी कधी माईक धरला न्हाई." भर बाजारात, बकऱ्यांच्या ओरडण्यात आणि भेळवाल्याच्या भोंग्यात, बुवा पांढरी चारमध्ये माईकशिवाय गवळण गायले. दहा पावलांवर कुणाला काही ऐकू येत नव्हतं, पण दिसत मात्र सगळ्यांना होतं. भाजी घेऊन बसलेली एक म्हातारी उठली, स्टेजपाशी आली आणि मला हळूच म्हणाली, "आवो, त्यान्ला पानी द्या. पोटात लई कळ निघालेली दिसती." मी पाणी दिलं. बुवांनी ते स्टेजवरूनच भिरकावलं, कारण ते फ्रिजमधलं होतं. परत येताना मंडळानं दिलेल्या पेढ्यांचा पुडा त्यांनी मला उघडू दिला नाही. पेढ्यानं घसा धरतो म्हणे. माझा!

हे सगळं मी का सोसत होतो, असं बायको विचारायची. मला धड उत्तर देता यायचं नाही. एक गोष्ट मात्र मला ठाऊक होती. तीस वर्षांपूर्वी, आजोबांच्या पुण्यतिथीच्या कार्यक्रमात, गावच्या मंडपात, सगळं घराणं पुढं बसलेलं असताना बुवांचा आवाज फुटला होता. आजोबांची गवळण, तिच्या वरच्या ओळीत, वरच्या 'सा'वर. आवाज फाटला आणि थांबला. तेव्हा त्यांच्या धाकट्या चुलतभावानं बसल्या जागेवरून ती ओळ उचलली आणि पुरी केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर घराण्यानं बुवांना त्या मंडपात गायला बोलावलं नाही. ते दरवर्षी जायचे, सतरंजीवर बसायचे, जेवायचे आणि परत यायचे. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही चप्पल शोधता शोधता, माझ्याकडं न बघता. पण तेव्हापासून मला कळलं, की सकाळी सहाला जो 'सा' लागतो तो मला ऐकवण्यासाठी नसतो. त्या मंडपात परत एकदा बसण्यासाठी असतो.

मग त्यांचा आवाज बसायला लागला. नगरच्या डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं. स्वरतंतूंवर गाठी. म्हणाले, "काका, एक तर गाणं बंद, नाहीतर खालच्या पट्टीत गा. असंच ताणत राहिलात तर बोलायलाही आवाज उरणार नाही." बाहेर आल्यावर बुवा म्हणाले, "चांगला मानूस हाय, पन त्याला पट्टीतलं काय कळतं?" आणि गुरुवारी नेहमीसारखे तालमीला हजर.

तेव्हा मी तो उद्योग केला. माझी जुनी पेटी देऊन मी दुसरी घेतली. तिला एक खटका असतो. तो सरकवला की बोटं त्याच पट्ट्यांवर फिरतात आणि आवाज मात्र खालचा निघतो. बुवा नेहमी माझ्या बोटांकडं बघायचे, कारण कुणावरही विश्वास ठेवायचा नाही हा त्यांचा स्वभाव. बघेनात का! बोट पांढरी चारवरच होतं. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याला ते 'डबडं' म्हणायचे आणि हात लावायचे नाहीत, म्हणून त्याचं बटण माझ्याच ताब्यात. पहिल्यांदा अर्धा सूर उतरवला तेव्हा मी बुवांकडं बघायचंच टाळलं. बुवा गायले. काही बोलले नाहीत. चार महिन्यांनी आणखी अर्धा. मग आणखी. दीड वर्षात मी त्यांना पांढरी चारवरून पांढरी दोनवर आणून ठेवलं.

आणि काय सांगू! माणूस गायला लागला. मानेच्या शिरा खाली बसल्या. डोळे मिटायला लागले. गवळणीतली गवळण पहिल्यांदा लाडानं बोलायला लागली. आत्तापर्यंत ती बिचारी विहिरीत पडल्यासारखी ओरडत होती. राहुरीच्या एका कार्यक्रमात बायका पदर डोळ्यांना लावून ऐकत होत्या. बुवा मला म्हणाले, "बघितलं? पांढरी चारची ताकद हाय ही. डॉक्टर उतरवायला सांगत हुता." मी पेटी मिटली आणि कपाळावर हात मारून घेतला, तो त्यांना घाम पुसल्यासारखा वाटला. सकाळचा 'सा'सुद्धा हळूहळू खाली आला होता. "बरोबर हाय का?" "हो बुवा." मी रोज सकाळी सहाला, तोंडही न धुता, खोटं बोलत होतो.

आणि मग ते आमंत्रण आलं. पुण्यतिथीच्या मंडपातून. आता कार्यक्रम तो चुलतभाऊच बघतो. त्याच्या कानावर गेलं असणार, की दादा हल्ली फार छान गातो. पत्र हातात घेऊन बुवा माझ्या घरी आले, नको म्हणत दोन कप चहा प्याले, आणि ते पत्र त्यांनी माझ्या बायकोला, तिच्या आईला आणि गॅसची टाकी द्यायला आलेल्या माणसाला वाचून दाखवलं. पण त्या मंडपाचा नियम मला माहीत होता. तिथं साथ फक्त घराण्याची. पेटी त्यांची, खरे तंबोरे त्यांचे, सगळं पांढरी चारमध्ये मिळवलेलं. मी परका, मी सतरंजीवर. म्हणजे तीस वर्षांनी बुवा त्याच मंडपात, त्याच लोकांपुढं, त्याच गवळणीच्या त्याच ओळीवर पुन्हा फुटणार, आणि या खेपेला मी त्यांना तिथवर हाताला धरून नेलेलं असणार.

महिनाभर सांगायचं म्हणत होतो. जमलं नाही. शेवटी कार्यक्रमाच्या दिवशी नगर सोडून आमची जीप जामखेडच्या रस्त्याला लागली, मांडीवर फोटो, काचा बंद, आणि एका टपरीवर चहाला थांबलो तेव्हा मी एका दमात सगळं ओकून टाकलं. खटका, डबडं, पांढरी दोन, सगळं. म्हणालो, "बुवा, काय शिव्या द्यायच्या त्या द्या, पण आज तिथं पांढरी चार मागू नका."

बुवांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली.

"मास्तर, पयल्या दिवशीच कळलं हुतं मला."

"काय?"

"कान हायेत का न्हाईत मला? आर्धा सूर उतरला तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत? दीड वर्षं मी इथं जीव मुठीत धरून..."

"रोज सकाळी इचारत हुतो ना तुमाला. बरोबर हाय का म्हनून. रोज हो म्हनाला तुमी."

पोराबाळांशी मी इतकं खोटं कधी बोललो नाही, आणि हा माणूस ते रोज मोजून घेत होता.

मग ते जरा हळू आवाजात म्हणाले, "मी उतरवली असती तर घराण्यानं पट्टी उतरवली असं झालं असतं. तुमी उतरवली. तुमी काय, भायेरचे."

"आणि आज? आज मी पेटीवर नाही."

"व्हय," बुवा म्हणाले. "आज तुमी न्हाई."

पुढं जामखेडपर्यंत मी खिडकी उघडी ठेवली आणि त्यांनी ती लावली नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मला ते जास्त भ्यायला लावणारं होतं.

सकाळी अकराची वेळ. मंडप भरलेला. पुढच्या रांगेत घराण्यातली सगळी माणसं, आणि मध्यभागी खुर्चीवर बुवांची आत्या, आजोबांची एकटी उरलेली लेक, त्यांना आण्णा म्हणणारी, नव्वदीची. मी सतरंजीच्या कडेला बसलो. बुवा स्टेजवर गेले. आजोबांचा फोटो ठेवला. 'मी कोन हाय' वगैरे काही नाही. बसले, आणि शेजारच्या मुलीच्या हातातला तंबोरा त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला. मला वाटलं, मिळालाय की नाही ते बघतायत. त्यांनी खुंटी पिळली. तार ढिली पडली. सगळ्यांना ऐकू आलं. मग दुसरी. मग तिसरी.

चुलतभाऊ वाकून पुढं आला. "दादा, काय करतोस? मिळवलाय तो."

"माझ्यासाठी मिळवतोय," बुवा म्हणाले. दुसरा तंबोरा मागवला. त्याच्याही चारी तारा उतरवल्या. चांगली पंधरा मिनिटं गेली. मंडपात कुजबुज वाढली, कुणीतरी घड्याळ बघितलं, कुणी उठून गेलं. मग ते पेटीवाल्याला म्हणाले, "पांढरी दोन," आणि राजूरला जो काढायला लावून आम्ही तोंडघशी पडलो होतो, तसला माईक त्यांनी स्वतः ओढून तोंडापाशी आणला.

ते गायले. मी पेटी वाजवत नव्हतो म्हणून मला पहिल्यांदाच नुसतं ऐकायला मिळालं, आणि खरं सांगतो, मला रडू आवरेना. ती वरची ओळ आली. वरचा 'सा' लागला. लागला आणि राहिला, आणि ते तिथं आरामात थांबले, वाड्याच्या ओट्यावर बसावं तसे. चुलतभाऊ खाली सतरंजीकडं बघत होता. या खेपेला त्याला काही उचलावं लागलं नाही.

टाळ्या झाल्या, पण घराण्याच्या रांगेत नाही. तिथं सगळे आत्याकडं बघत होते. म्हातारीनं बोट वाकवलं. "इकडं ये रं."

बुवा स्टेजवरून उतरून तिच्यापुढं उकिडवे बसले. पाया पडले आणि मान वर केली नाही. मार खायला बसल्यासारखे.

"आण्णा घरात गायचे तसं गायलास आज," म्हातारी म्हणाली.

"घरात?"

"मंग? चुलीम्होरं बसून गायचे की. असंच, खाली. मैदानात वरडायला लागायचं त्यान्ला. तवा कुटं हुता ह्यो माईक? मागच्या मानसाला ऐकू कसं यावं?" तिनं बुवांच्या गळ्यावर हात फिरवला. "घरी आलं की घसा धरून बसायचे. आई हाळदीचं दूध द्यायची रोज."

तीन पिढ्यांनी ज्या पट्टीसाठी गळे फाडले, बुवांनी ज्या पट्टीपायी तीस वर्षं मान खाली घालून त्या मंडपात जेवण केलं, ती आजोबांना आवडायची म्हणून नव्हती. माईक नव्हता म्हणून होती. बुवा अजून तसेच उकिडवे होते. मला वाटलं, आता ते रडतील, आणि रडले असते तर मी समजून घेतलं असतं.

ते उठले, वळले, गर्दीत मला शोधलं आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाले, "मास्तर, ऐकलं का? एवढे शिकलेले तुमी! अकरा वर्षं झाली. येकदा तरी आत्याला इचारायचं न्हाई का?"

परतीच्या वाटेवर काचा बंद, फोटो माझ्या मांडीवर. चिंचेच्या गोळ्यांचं पाकीट मी खिशात चाचपलं तर म्हणाले, "उद्या तालीम हाय." मी त्या माणसाशी पुन्हा बोलायचं नाही असं ठरवून घरी पोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन वाजला. हॅलो नाही, काही नाही. 'सा' आला. मऊ, भरलेला, कसलीही ओढाताण नसलेला. तो संपला आणि नेहमीचा प्रश्न आला, "बरोबर हाय का?"

दीड वर्षात पहिल्यांदा मला खरं बोलता येणार होतं. मी उठून बसलो आणि म्हणालो, "पांढरी दोन, बुवा."

"पट्टी कुनी इचारली तुमाला?" पलीकडून आवाज आला. "सूर बरोबर हाय का, ते सांगा."

बरोबर होता.